शिक्का तिच्या कार्डावर

आमच्या जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे साहेब सरकारी खर्चानं युरोप बघून आले आणि थोड्याच दिवसांत आमच्या बायकांच्या हातात कार्डं पडली. खरं तर मी इथंच थांबायला पाहिजे, कारण पुढचं सांगायला लागले की माझं डोकं फिरतं आणि घरातले म्हणतात, आता पुरे. पण पुरे कसं? जिचं जायचं तिचं गेलं आणि साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर.

मी सोलापुरात गुप्तरोगाच्या दवाखान्यात समुपदेशक आहे. दवाखान्याला आता गोंडस नाव दिलंय, भिंतींना फिका गुलाबी रंग मारलाय, पण रिक्षावाला अजून 'गरमीचा दवाखाना व्हय?' असंच विचारतो आणि बरोबर दारात आणून सोडतो. गरमी म्हणजे सिफिलिस. धंदा करणाऱ्या बायकांशी बोलायचं, त्यांना तपासणीला आणायचं, निरोध द्यायचे, इंजेक्शनला घाबरल्या तर हात धरून बसायचं, हे माझं काम. शिक्षण म्हणाल तर इतिहासात एम. ए. आमच्या वस्तीत एवढं शिकलेली मी पहिली मुलगी, विहारात सत्कार झाला होता. मग नोकरी लागली ती ही. आई शेजारणींना 'दवाखान्यात आहे' एवढंच सांगायची. कसला दवाखाना, ते तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

त्या बायकांत एक करकंबकडची होती. तिला आम्ही सगळे करकंबचीच म्हणायचो. तिशीतली, उंचपुरी, तोंडाची फटकळ. मला ताई म्हणायची, आणि पहिल्याच भेटीत तिनं मला ऐकवलं होतं की साडी चांगली हाय, पण तुमाला नेसता येत न्हाय. आमची गट्टी त्याच दिवशी जमली. तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, दिवस भरत आले असताना. तेव्हा रक्त तपासलं आणि गरमी निघाली. इंजेक्शनं झाली, रक्त सुधारलं, पण तिच्या डोक्यातनं ते मूल काही जाईना. दवाखान्यात कुणाचं बाळ दिसलं की मागून घ्यायची आणि परत देताना तिचा हात रेंगाळायचा. मग तिला पुन्हा दिवस राहिले.

पहिल्या तपासणीत रक्त चांगलं आलं. डॉक्टरांनी तिला आणि मला समोर बसवून सांगितलं की बाळंत होईपर्यंत हा रोग परत लागता कामा नये. लागला आणि वेळेत कळला नाही, तर हेही मूल हातचं जाईल. कळला तर इंजेक्शन आहे, साधं आहे, आपल्याच कपाटात आहे. म्हणजे सगळा प्रश्न कळण्याचा होता. त्या दिवशी ती पोटावर हात ठेवून मला म्हणाली, "ताई, ह्याला तेवढं वाचवा. मग मला कायबी म्हणा."

आता ह्यात एक माणूस होता. धंद्यातल्या बायका त्याला मालक म्हणतात. गिऱ्हाईक वेगळं आणि मालक वेगळा. मालक म्हणजे कायमचा. तो डोरलं घालतो, खोलीचं भाडं भरतो, सणाला साडी आणतो, आणि ती त्याच्या नावानं उपास धरते. गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय खोलीत न घेणारी बाईसुद्धा मालकाला त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. बोलली, तर 'मी काय तुझं गिऱ्हाईक हाय का' म्हणून तो रुसतो. करकंबचीचा मालक चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. घरी लग्नाची बायको, पोरं. दिवस राहिल्यावर त्यानं हिला सांगितलं, आता बाकी सगळं बंद, तुझं मी बघतो. हिनं गिऱ्हाइकं बंद केली आणि लई खुशीत केली.

म्हणजे रोग आला तर तो आता एकाच माणसाकडून येणार होता. आणि त्या एका माणसाला तपासायला आणणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. पहिलं मूल गेलं तेव्हाही त्यानं औषध घ्यायचं ठरलं होतं. कागदावर 'जोडीदाराला बोलावले' असं आम्ही लिहिलं, आणि तो आला नाही. पुढं कुणी विचारलंही नाही.

तशात साहेबांनी मीटिंग घेतली. पडद्यावर फोटो लावले. ऑस्ट्रियातले स्वच्छ रस्ते, ट्राम, फुलांच्या कुंड्या. तिथं धंदा कायद्यानं चालतो, बाईची नोंद होते, तिला ठरावीक दिवसांनी तपासणी सक्तीची असते आणि रोग नसला तर तसा शिक्का मिळतो. साहेब नुसते भारावून गेले होते. म्हणाले, आपल्या जिल्ह्यातही असंच करू, टेंभुर्णीच्या हायवेपासून शहरापर्यंत एकही बाई सुटता कामा नये. कार्डावर फोटो, दर महिन्याला रक्त. चांगलं निघालं तर शिक्का, नाही तर नाही. हे कुठल्या नियमात बसतं, असं मी विचारलं, तर म्हणाले की ऐच्छिक आहे. ऐच्छिक! शिक्का नसलेल्या बायकांची नावं आम्ही वस्तीत धंद्याच्या खोल्या चालवणाऱ्या घरवाल्यांना कळवायची होती, आणि हे म्हणे ऐच्छिक.

मग मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, युरोपात हे काही नवीन नाही. पॅरिसमध्ये पोलीस बायकांची नोंद ठेवायचे, डॉक्टर तपासायचे आणि रोग निघाला की बरी होईपर्यंत तिला कुलपात ठेवायचे. इंग्लंडनं छावणीच्या गावांसाठी कायदाच केला होता. साध्या कपड्यातल्या पोलिसाला नुसता संशय आला तरी बाईला तपासणीच्या टेबलावर चढावं लागायचं. आणि ज्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप, त्यांचं काय? त्यांची तपासणी आधी होत होती, ती बंद करून टाकली. का, तर शिपायांना ते अपमानाचं वाटतं. तिथल्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा तो कायदा गेला. आपल्या इकडच्या छावण्यांतही गोऱ्यांनी हाच उद्योग केला, आणि रोग काही हटला नाही. आजही तिकडं एकमत नाही. स्वीडनमध्ये पैसे देऊन बाईकडे जाणाऱ्याला शिक्षा आहे, बाईला नाही. तुम्ही गेलात तिथं बाईला शिक्का. ते सगळं राहू द्या, मला एकच सांगा, पुरुषाला कोण तपासणार?

साहेब हसले. माणूस दुष्ट नव्हता, कुणावर आवाज चढवायचा नाही, आणि ह्याचीच मला जास्त चीड येते. शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुरुषांना कुठं शोधत बसायचं? बायकांचा पत्ता तरी आपल्याला माहीत आहे."

सगळी खोली हसली. चहा आला. मी खाली बसले.

कार्डं आली आणि मला दुसरा धक्का बसला, तो म्हणजे बायकांना ती आवडली. प्लास्टिकमध्ये घातलेलं, फोटोचं, सरकारी शिक्क्याचं कार्ड. ज्या बाईला रेशनच्या दुकानापासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळीकडून हाकललेलं असतं, तिला सरकारनं तिचा फोटो लावून काहीतरी दिलं होतं. एकीनं ते देवाच्या फोटोशेजारी ठेवलं. मी मनातल्या मनात म्हटलं, असेल बाई, माझंच डोकं जुन्या पुस्तकांनी बिघडलं असेल. मग निरोध उरायला लागले. आधी पेटी कधी संपली ते कळायचं नाही, आता बायका निम्मेच नेत होत्या. विचारलं तर सांगायच्या की गिऱ्हाईकच नको म्हणतंय. कार्ड दाखव म्हणतो, शिक्का बघतो आणि म्हणतो, सरकारनं लिहून दिलंय की, मग ते कशाला? म्हणजे आमचा शिक्का बाईच्या कामाचा नव्हताच, तो गिऱ्हाइकाच्या सोयीचा होता. बाजारात भाजी निवडून घेतात तसं चाललं होतं.

मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, समुपदेशन वाढवा.

करकंबचीकडं तर वेगळंच सुरू झालं. ती धंदा करत नव्हती, पण कार्ड तिला होतंच. मालक दर महिन्याला ते मागून बघायचा. शिक्का असला की ती त्याच्याशी प्रामाणिक आहे, हे त्याला पटायचं. बाई दुसऱ्या कुणाकडं जात नाही ह्याचा दाखला म्हणून त्यानं आमचं आरोग्य कार्ड वापरायला काढलं. आणि ती मला कौतुकानं सांगत होती की ताई, आता त्याचा माझ्यावर भरवसा बसलाय. मी म्हटलं, अगं, त्याचा बसला, पण तुझा त्याच्यावर कशावरून बसला? त्याच्याकडं कुठलं कार्ड आहे? ती चिडली. म्हणाली, नवऱ्याला कुणी असं विचारतं व्हय? आणि पदर खोचून निघून गेली.

मला बसवेना. त्याच सुमारास त्याच्या कारखान्यात कामगारांसाठी आरोग्य शिबिर होणार होतं. डोळे, बीपी, शुगर. शुगरसाठी सुई टोचायचीच होती, तर थोडं जास्त रक्त घेऊन आमची चाचणीही करावी, नाव गुप्त ठेवावं, असं मी साहेबांना सुचवलं. साहेब गंभीर झाले. म्हणाले, "मॅडम, कारखान्यात इज्जतदार माणसं काम करतात. त्यांचा अपमान होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अपमान. गोऱ्यांच्या फौजेनं म्हटलेलं तेच, माझ्या पुस्तकातलं, सोलापूरच्या एका ऑफिसात, पंख्याखाली बसून, मराठीत. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर त्यांनी मला चार दिवस रजा घेऊन विश्रांती घ्या, असं सुचवलं.

रजा घेतली आणि बस धरून चिंचोळीला गेले. शिफ्ट सुटताना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. नीटनेटका माणूस, खिशाला पेन. बसा मॅडम म्हणाला, चहा सांगितला, बाकावरची धूळ स्वतःच्या रुमालानं झटकली. मी आडपडदा न ठेवता बोलले. मूल तुमचं आहे, ते वाचवायचं तर तुमचं रक्त बघावं लागेल. तो आवाज खाली आणून म्हणाला, मला काय धाड भरलीय? मग इकडंतिकडं बघून कबूल झाला की मध्यंतरी एक फोड आला होता, दुखत नव्हता, मेडिकलमधून मलम आणून लावलं, गेला. मी कपाळावर हात मारून घेतला. हा रोग असाच फसवतो, फोड आपोआप जातो आणि रोग रक्तात राहतो, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण तिचं कार्ड चांगलं हाय की, मॅडम. माझ्यात असतं तर तिला झालं नसतं का?"

म्हटलं, होईल. सोमवारी या. तो सोमवारी येतो म्हणाला, चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. सोमवारी मी दवाखाना बंद होईपर्यंत बसून राहिले. फोन लावला तर उचलला नाही.

पुढच्या तपासणीच्या दिवशी मला दवाखान्यात थांबूच दिलं नाही. पुण्याहून पाहुणे येणार होते, साहेबांना 'आरोग्य कार्डाचे यश' दाखवायचं होतं, आणि मराठी चांगलं म्हणून मला वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात मजकूर लिहायला बसवलं. गरमीच्या केसेस घटल्या, असं लिहायचं होतं. घटणारच की! जिला खाज, जिला फोड, ती शिक्का जाईल म्हणून दवाखान्याची पायरीच चढत नव्हती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली त्या दिवशी करकंबचीच्या कार्डावर शिक्का पडला होता. संध्याकाळी नोंदवहीत त्याची नोंद बघून माझाही जीव भांड्यात पडला. शिक्का बघितला की माणूस पुढं बघायचं सोडतो, मग तो शिकलेला असो नाही तर नसो.

ती दिवसांआधीच बाळंत झाली. निरोप मिळाला तशी मी सरकारी दवाखान्यात धावले. मुलगा होता. एवढासा, नाकानं घरघरत होता, आणि त्याच्या तळहातांची, तळपायांची कातडी सुटत होती. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आईचं आणि बाळाचं रक्त आलं होतं. गरमी. मी म्हटलं, अहो, शक्य नाही, आत्ता मागच्याच तपासणीत चांगलं होतं. त्यांनी रक्ताचा कागदच माझ्या हातात ठेवला.

करकंबची भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तिलाही फोड आला होता. तिनं आधी मालकालाच सांगायचं ठरवलं, पण धीर झाला नाही. टेंभुर्णीला जाऊन एका डॉक्टराकडून गोळ्या आणल्या, फोड गेला, तिला वाटलं सुटले. तरी मनात भीती होतीच, म्हणून तपासणीला स्वतः न जाता शेजारच्या पोरीला आपली साडी नेसवून, आपलं कार्ड देऊन पाठवलं. रक्त घेणारा माणूस नवीन, कंत्राटी. त्यानं तोंड बघितलं नाही, दंड बघितला.

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, अगं बये, माझ्याकडं एकटीनं आली असतीस तर मी कुणाला न सांगता इंजेक्शन दिलं असतं. पोर वाचवा म्हणून तूच सांगत होतीस ना? ती तशीच भिंतीकडं बघत म्हणाली, "शिक्का न्हाय मिळाला असता तर तो म्हणला असता, कुणाकडनं आणलंस. त्यानं मला पोटासकट बाहेर काढलं असतं. मी काय दाखवलं असतं त्याला, ताई?"

खरं होतं ते. तिला दाखवायला काहीच नव्हतं. तिच्या पोटात त्याचं मूल होतं, गळ्यात त्याचं डोरलं होतं, आणि तिची बाजू सांगणारा सरकारचा एक शिक्का होता. बाळाला जगवायचं इंजेक्शन आणि बाळाला घर देणारा शिक्का, ह्यातलं एक निवड, असं आम्ही तिला सांगितलं होतं. वर ते ऐच्छिक होतं.

मी मालकाला फोन केला. उचलेपर्यंत करत राहिले. पोरगा बघायचा असेल तर आत्ता या, असं सांगितलं. तो आला, कारखान्याच्या शर्टातच. काचेतून बाळाकडं बघितलं. मग मला विचारलं, "हे माझ्यामुळं?"

मी म्हटलं, "व्हय."

मला वाटलं होतं, भांडेल, तिच्या नावानं बोटं मोडेल. तसं काही झालं नाही. तो रडला. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि तीच बाही वर सारली. म्हणाला, घ्या रक्त, आत्ता घ्या. इतक्या महिन्यांत जे मला, साहेबांना, कुणालाच जमलं नाही, ते त्या एवढ्याशा पोराच्या सोललेल्या हातांनी केलं होतं.

बाळांचं रक्त घ्यायला एक माणूस वॉर्डात आलेला होताच. मी त्याला हात करून बोलावलं. त्यानं विचारलं कोण पेशंट? मी सांगितलं, बाळाचे वडील. तो म्हणाला, "पुरुषांचं हितं न्हाय होत. हितं आई आन बाळ. त्यांनी उद्या सकाळी ओपीडीला यायचं, केसपेपर काढून."

मी भांडले. लई भांडले. म्हटलं, सुई तुझ्या हातात आहे, दंड समोर आहे, बाटली मी माझ्या दवाखान्यात नेते, अर्धा मिनिट लागेल. तो म्हणाला, मॅडम, माझी नोकरी जाईल. डॉक्टरीणबाईंना शोधायला मी धावले, त्या आत दुसऱ्या बाळापाशी अडकल्या होत्या. परत आले तोवर मालकाची बाही खाली आली होती, मनगटाचं बटणही लावून झालं होतं. चेहऱ्यावर सुटका झाल्याचं मला स्पष्ट दिसलं. म्हणाला, उद्या येतो मॅडम, नक्की. मी त्याचा दंड धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला, नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या दारात मी उभी होते. तो आला नाही. बाळाला इंजेक्शनं चालू होती, करकंबचीला चालू होती. ती त्याला छातीशी घेऊन बसायची आणि ते दूध ओढायला बघायचं, पण त्याला दम पुरायचा नाही. तीनचार दिवस असं चाललं, मग ते गेलं.

पुरायला मालक आला, हेल्मेट हातात धरून लांब उभा राहिला. माती टाकून झाल्यावर ती मला म्हणाली, ताई, ह्याचं काय चुकलं होतं? मी तिला धरून रस्त्यापर्यंत आणलं, त्याच्याशी बोलायची माझी इच्छा नव्हती. त्या पोराचं रक्त तपासून झालं होतं. त्याच्या आईचं किती वेळा तपासलं, कितीदा शिक्का मारला, त्याला गणती नाही. बापाचं अजून तपासलेलं नाही.